फुंकणाऱ्याला बोलता येत नाही

श्रोत्यांची ये-जा असह्य झाली तर गायक आलाप थांबवून सरळ सांगतो, ‘जरा बसून घ्या.’ तबलजी डग्ग्यावरचा हात उचलून ध्वनिव्यवस्थेवाल्याला खूण करतो. सतारिये तार लावायच्या निमित्ताने थांबतात. शहनाई किंवा बासरी वाजवणाऱ्याला यातलं काहीच जमत नाही. तोंड वाद्याला लागलेलं आणि दोन्ही हातांची बोटं भोकांवर गुंतलेली. म्हणून सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांच्या मैफलीतली गाऱ्हाणी श्रोत्यांनीच मांडायला हवीत. भोपाळमध्ये राहून अशा मैफलींना आवर्जून जाणारा श्रोता म्हणून मी ती मांडतो आहे.

पहिलं गाऱ्हाणं उद्घाटनाचं. शहनाईच्या टोकाला गवताची दुपदरी पत्ती असते. ती तोंडात धरून ओली केली की मगच सूर धरते. एका सभागृहात वादक मंचावर येऊन बसले, त्यांनी पत्ती ओली केली, साथीदाराने आधारस्वर धरला आणि त्याच क्षणी निवेदकाने आणखी एका मान्यवरांना ‘दो शब्द’ बोलायला बोलावलं. आधारस्वर थांबला. शाल झाली, श्रीफळ झालं, स्मृतिचिन्ह झालं, तिन्हींचे फोटो झाले. वादक मधूनमधून पत्ती ओठांत धरत होते, पुन्हा काढत होते. शेवटी शहनाईला दोऱ्याने बांधलेल्या सुट्या पत्त्यांपैकी दुसरी काढून त्यांनी बसवली. पहिला षड्ज फाटका निघाला. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, ‘आज बात नहीं बन रही.’ बात बिघडवली भाषणांनी आणि बोल लागला वादकाला. सत्कार करायचाच असेल तर तो वादन संपल्यावर करावा. तेव्हा पत्ती वाळली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरं गाऱ्हाणं एसीचं. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे सभागृह गार हवं हे मलाही मान्य आहे. पण बासरीला खुंटी नसते, बांबू पिळून सूर चढवता येत नाही. हवेतला आवाज २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो आणि ३० अंशांना सुमारे ३४९. बासरीचा सूर या वेगावर ठरतो. नळीतली सगळी हवा १० अंशांनी थंड झाली तर सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरेल. वादकाचा श्वास ऊबदार असतो, त्यामुळे प्रत्यक्षात उतार कमी होतो, पण जो होतो तो कानाला टोचतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र आपल्या जागी ठाम असतो. मग वादक फुंकेचा कोन बदलत, ओठ सावरत त्याच्याशी जुळवून घेत राहतो. रागात घालायची शक्ती सूर सांभाळण्यात खर्ची पडते. एसी आधी लावून सभागृह गार करून घ्यावं आणि वादन सुरू झाल्यावर तापमान हलवू नये. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही.

एसीच्या घरघरीचा हिशेब वेगळाच आहे. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी घडवली आणि ख्यालाची विलंबित आलापी बांबूतून ऐकू येऊ लागली. लांबी वाढवण्यातली मोठी कमाई म्हणजे खालचे, गंभीर स्वर. ते मुळातच हळू बोलतात आणि घरघरीत सर्वांत आधी तेच बुडतात. एका माणसाने आयुष्य घालून मिळवलेले स्वर छतावरच्या यंत्राने गिळावेत, याचा मला राग येतो.

ही घरघर झाकायला आवाज वाढवला जातो, हे तिसरं गाऱ्हाणं. शहनाई नौबतखान्यातलं वाद्य. देवळाच्या दरवाजावरून ती सगळ्या गावाला ऐकू जात असे. सोलापूरच्या जाधव घराण्याने मैफलीत आणलेली सुंदरी शहनाईहून लहान, पण तिचाही आवाज पल्लेदार. युरोपातही तेच: १७८२ साली व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने आठ फुंकवाद्यांचा ताफा दरबारात ठेवला. ते आठ जण विजेशिवायच वाजवत. दोनशे माणसांच्या बंद खोलीत शहनाईला माणसाच्या उंचीचे स्पीकर कशाला? त्यावर ‘इको’ चढवला की जिभेचा प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यात मिसळतो आणि तानेचा नुसता गोंगाट उरतो.

चौथं गाऱ्हाणं आम्हा श्रोत्यांविरुद्ध आहे. वादक दमसास लावून एक स्वर लांबवतो. तो स्वर कसा मिटतो, हे ऐकण्यासाठीच तर आपण आलेलो असतो. तो मिटण्याआधीच टाळ्या पडतात. पुढचा श्वास घेण्यासाठी वादक क्षणभर थांबला की तेवढ्यात मोबाइल वाजतो, नाहीतर कुणी ‘निकलते हैं’ म्हणत सगळी रांग उठवतं. ती क्षणाची शांतता वादनाचाच भाग आहे, मध्यंतर नव्हे.

भोपाळच्या श्रोत्यांना कळत नाही, असं कुणी म्हणू नये. उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी ज्या ध्रुपद केंद्रात शिष्य घडवले ते केंद्र याच शहरातलं. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी उघडलेलं, चार्ल्स कोरिया यांनी मोठ्या तलावाच्या उतारावर बांधलेलं भारत भवनही इथलंच. ध्रुपदाचा संथ आलाप इथली माणसं मान डोलावत ऐकतात. म्हणजे शांत बसण्याची सवय या शहराला आहे. बासरी हलकीफुलकी, शहनाई लग्नातली, ही समजूत तेवढी सोडायला हवी.

‘प्रवेश विनामूल्य आहे, मग तक्रार कसली?’ असं एका आयोजकांनी मला विचारलं. सरकारी कार्यक्रमाचा खर्च आपल्याच करांतून होतो आणि फुकट बसलेल्या श्रोत्याचे कान फुकट गेलेले नसतात. माझी मागणी एवढीच आहे: भाषणं शेवटी, एसी एका अंकावर, स्पीकर निम्म्यावर, ‘इको’ बंद, आणि राग सुरू झाल्यावर दरवाजाही बंद. उशिरा येणाऱ्यांना पहिला राग संपल्यावर आत घ्यावं. त्यांत मी असलो तर मलाही बाहेर थांबवावं.