मान, वाघ आणि अहवाल

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे माणसाच्या मानेकडे बारकाईनं पाहणारे दोघेच. एक फिजिओथेरपिस्ट आणि दुसरा वाघ. फिजिओथेरपिस्टकडे जायचं तर आधी वेळ घ्यावी लागते.

वाघाचा या विषयातला अभ्यास जुना आहे. सावज मोठं असेल तर तो गळा धरतो, लहान असेल तर मानगूट. त्याच्या मानेत सात मणके, आपल्याही मानेत सात आणि जिराफाच्या त्या लांबलचक मानेतही मोजून सातच. निसर्गानं या बाबतीत रेशन दुकानासारखं वाटप केलं आहे. कुटुंब केवढंही असो, कोटा तेवढाच. घुबडाला मात्र चौदा. म्हणून ते फांदीवर बसल्या जागी जवळजवळ मागच्या मागे मान फिरवून आपल्याकडे बघतं, आणि आपण जिप्सीत कंबरेपासून पिळवटून त्याच्याकडे.

माझी मान वाघानं धरली नाही, अहवालानं धरली. मी शिकवतो त्या कॉलेजात तपासणीला समिती येणार होती. अशा समित्यांना कॉलेजात काय शिकवतात यापेक्षा जे शिकवतात त्याचा पुरावा कुठे आहे, याची उत्सुकता फार. झाडं किती लावली, किती जगली, जगलेल्या झाडाला पाणी घालणाऱ्या विद्यार्थ्याचा जिओटॅग केलेला फोटो कुठे आहे, असे रकाने होते. रकाना जितका बारीक, तितकं माझं नाक लॅपटॉपच्या जवळ. खुर्ची जेवणाच्या टेबलाची, लॅपटॉप टेबलावर, हनुवटी जवळपास कीबोर्डवर, आणि बाकीचा मी मागे कुठेतरी लोंबकळत. एका सकाळी दूधवाल्यानं हाक मारली म्हणून उजवीकडे पाहिलं आणि मानेत अशी सणक गेली, की दूधवाला दिसलाच नाही, नुसते तारे दिसले.

त्यानंतर माझी दिशा ठरली. मी फक्त डावीकडे बघत असे. कुणी उजवीकडून हाक मारली, की मला अख्खंच वळावं लागे. जटपुरा गेटातून स्कूटर काढायची तर मान दोन्हीकडे चालती लागते, त्यामुळे स्कूटर बायकोकडे गेली आणि मी मागच्या सीटवर. वर्गात डाव्या बाजूची मुलं आपल्यावर नजर आहे म्हणून शहाणी झाली, उजव्या बाजूची मोबाइल काढून बसली. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याला मी नमस्काराला मान हलवली नाही असं वाटलं. त्यानं दुसऱ्याला विचारलं, "प्राचार्यपदाचं काही कानावर आलं का यांच्या?"

विदर्भात दुखणं फार वेळ खासगी राहत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीतून मोहाच्या बियांचं तेल आलं, गरम विटेनं शेकायचा सल्ला आला, उशी काढून टाका असं एक म्हणाले, दोन उशा घ्या असं दुसरे. समोरचे तलाठी काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते स्वतः आले, खुर्ची ओढून बसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मी पायाळू आहो जी."

"बरं," मी डाव्या भिंतीकडे बघत म्हणालो.

"सकाळच्या पारी, उपाशीपोटी. एकच लाथ. मोकळे होता की नाही पाहा."

"काका, ते कमरेच्या उसणीला असतं. माझी मान आहे."

काकांनी क्षणभर अंदाज घेतला. "मंग पाय थोडा वर घेऊ."

सत्तरीच्या माणसानं पाय माझ्या मानेपर्यंत नेला असता, तर माझी मान बाजूला राहून त्यांचीच कंबर घेऊन दवाखाना गाठावा लागला असता. एवढ्यावरून मी त्यांना परावृत्त केलं. पण पडक्या चेहऱ्यानं गेले बिचारे. जन्मजात गुण वाया जात असल्याचं दुःख वेगळंच असतं.

नागपूरच्या मेहुण्यानं मानेचा पट्टा पाठवला. त्या पट्ट्याचा एक मोठा फायदा सांगायला हवा: तो घातला की माणूस आदरणीय दिसतो. बँकेत लोक रांगेतून पुढे घेतात. एरवी मला बसायला न सांगणाऱ्या कार्यालयात पट्ट्याला खुर्ची मिळाली. फिजिओथेरपिस्टनं पहिल्याच भेटीत तो उतरवला, तेव्हा माझी प्रतिष्ठाच कुणीतरी काढून टेबलावर ठेवल्यासारखं वाटलं.

ती ब्रह्मपुरीकडची मुलगी, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं आधी चौकशी केली. पडला-बिडला का? दुखणं हातात उतरतं का? बोटांना मुंग्या, हातातून वस्तू सुटणं, चालताना तोल जाणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यातलं काही? असेल तर तिच्याकडे न येता आधी डॉक्टरकडे जायचं. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. होता फक्त अहवाल.

"मान हलवता का, सर?"

"दुखते, म्हणून हलवत नाही."

"दुखते म्हणून हलवत नाही, का हलवत नाही म्हणून दुखून राहिली?"

या प्रश्नावर मी शिक्षक असूनही गप्प बसलो. तिनं सांगितलं ते असं. साध्या लचकीला पूर्वी पट्टा आणि पडून राहणं हाच उपाय मानत. आता तसं सांगत नाहीत. फार दुखतं तेव्हा एखाद-दोन दिवस जपा, शेक द्या, पण मान बांधून ठेवली की आजूबाजूचे स्नायू आणखी आखडतात. तेव्हा सोसेल तितकी, हळू, पण हलवत राहायची. झटका द्यायचा नाही, आणि कुणाकडून कडकड वाजवून घ्यायची तर मुळीच नाही. (तलाठी काकांचं प्रकरण मी तिला सांगितलं नाही.)

भिंतीवर एक चित्र होतं. आपलं डोकं पाचेक किलोचं. ते सरळ मानेवर असतं तेव्हा मानेला तेवढाच भार. पुढे वाकवलं की भार वाढत जातो, आणि मोबाइलमध्ये तोंड घालून साठ अंशांपर्यंत वाकवलं, की तो सत्तावीस किलोंच्या घरात जातो. न्यू यॉर्कच्या केनेथ हंसराज नावाच्या मणक्यांच्या शल्यविशारदानं 2014 साली संगणकावर मांडलेला हा हिशेब. मानदुखीचं सगळं खापर एकट्या मोबाइलवर फोडणं बऱ्याच तज्ज्ञांना पटत नाही, पण चित्र पाहिल्यावर मी खिशातला मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धरून वेळ पाहिली. मग तिनं हनुवटी आत घेऊन डोकं सरळ मागे न्यायला शिकवलं, शर्टाची मागची पट्टी मानेला टेकवल्यासारखं. खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढायची. मान सावकाश एका खांद्यावरून मागे, मग दुसऱ्या. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीला. घरी जाऊन मी त्याच्याखाली चांदा जिल्ह्याचं जाडजूड गॅझेटियर ठेवलं. त्या ग्रंथाचा घरात एवढा उपयोग याआधी झाला नव्हता.

निघताना मी पाठ ताठ करून विचारलं, "आता बरोबर बसलो ना?"

"बरोबर बसले. पण असेच तासभर बसून राहिले, तर हेही चूकच."

दर अर्ध्या तासानं उठायचं, वळायचं, दोन पावलं चालायचं. सगळ्या उपचाराचं सार एवढंच, आणि हे सार मी याआधी जंगलात ऐकलं होतं. ताडोबाच्या बफरमधल्या एका गावात आम्ही कॉलेजचं शिबिर घेऊन गेलो असताना एक वनरक्षक मोह वेचणाऱ्या बायांना समजावत होता. उजाडायच्या आत जाऊ नका, एकट्या जाऊ नका, मोठ्यानं बोलत राहा. आणि फार वेळ वाकून राहू नका. अधूनमधून उभ्या व्हा, चारही बाजूंना पाहा, मागे पाहा. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. सुंदरबनात तर 1980च्या दशकात लोकांना डोक्यामागे लावायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले होते, वाघ मागून येतो म्हणून. फिजिओथेरपिस्टनं पैसे घेऊन सांगितलेलं हे सगळं वनखातं फुकट सांगत होतं. फरक एवढाच, की माझं चुकलं तर सणक येते. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात इथल्या पेपरात ज्या बायांची बातमी येते, त्यांना दुसरी संधी मिळालेली नसते.

व्यायाम शिकलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या माना दिसू लागतात. मी रस्त्यानं जाताना डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बाया बघू लागलो. काय ती पाठ! चुंबळीवर केवढी मोळी, आणि मान अशी सरळ, की पुस्तकात छापावी. आपण शहरी लोक बिघडलो, यांना काय कळणार मानदुखी, असं एक भाषण मी तयार केलं आणि आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशींवर त्याचा पहिला प्रयोग केला. मावशींनी मूलकडच्या त्यांच्या गावात उमेदीची सगळी वर्षं मोळ्या वाहिल्या आहेत.

"मावशी, एवढं ओझं नेऊन तुमची मान कधी दुखली नसेल."

"दुखते ना जी. रोज दुखते."

"मग कधी बोलल्या नाही?"

"तुम्ही कधी पुसलं?"

भाषण तिथेच संपलं. गडचिरोलीत कुणीतरी पुसलं होतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं, म्हणजे शोधग्रामच्या लोकांनी, खेड्यांत जाऊन माणसांना काय काय दुखतं याची रीतसर पाहणी केली. कंबर, पाठ, गुडघे, मान यांची दुखणी घराघरांत निघाली, आणि त्यातले बहुतेक लोक दुखणं घेऊनच रोवणीला वाकत होते. मुंबईहून मणक्यांचे शल्यविशारद तिथे येऊन शस्त्रक्रिया करतात, ते काही हवापालट म्हणून येत नाहीत. तेव्हा ताठ पाठीचं कौतुक मी आवरतं घेतलं. मोळी वाहणारीच्या मानेला कंटाळा आला तरी मोळी घरी पोचायची असते. दर अर्ध्या तासानं उठायचा सल्ला उठता येणाऱ्यांसाठीच आहे, हे त्या भिंतीवरच्या चित्रात लिहिलेलं नव्हतं.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मणक्याचं नाव काढलं आणि वरोऱ्याचं नाव निघालं नाही, असं होत नाही. 1949 साली आनंदवन उभं करणाऱ्या बाबा आमटेंचा मणका पुढे असा बिघडला, की त्यांना बसता येईना. उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. मधला पर्यायच गेला. तुमच्या-माझ्यासारख्यानं यावर वैद्यकीय रजा टाकली असती. बाबांनी 1985च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' काढलं. तरुण पोरं सायकलींवर, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीतल्या बिछान्यावर आडवे, थेट काश्मीरपर्यंत. मी अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणाला आडवा झालो होतो. ही तुलना घरात दुसऱ्यांदा निघाल्यावर मी रोजच्या व्यायामाला कारणं देणं सोडलं.

मान सुटली तशी परीक्षा घ्यायची म्हणून ताडोबात सफारी करून आलो. कागदावर हा उत्तम उपचार आहे. तिथे मोबाइलला बंदी, त्यामुळे खाली बघायला काही नाही. वर सर्पगरुड, तलावावर आपली लांब मान उंचावून पंख वाळवत बसलेला तिरंदाज, मागे कुठेतरी सांबराचा धोक्याचा आवाज. पण वाघ दिसला की सगळी जिप्सी एकाच बाजूला वळते आणि तो उठून जाईपर्यंत तशीच राहते. वाघ अर्धा तास पाठ करून झोपला. उठून दोन पावलं चालण्याचा नियम मी फक्त तिथे मोडला, आणि तो मोडावा असंच गाइडचंही मत होतं.

खरी अडचण जंगलात आली नाही, ती आली नाटकात. भाऊबीज सरली की वडसा जागं होतं. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या तिथून गावोगाव निघतात, आणि मंडई, शंकरपट असेल त्या गावी रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. सासुरवाडीला मंडई होती, जाणं भाग होतं. पुढची जागा मिळाली. जमिनीवर बिछायत, समोर छातीच्या वर स्टेज, म्हणजे मान सगळी रात्र आकाशाकडे. लॅपटॉपची बरोबर उलटी शिक्षा. फिजिओथेरपिस्टला स्मरून मी अर्ध्या तासानं उठलो, मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, खांद्यांची पाती जुळवली.

मागून आवाज आला, "ओ मास्तर, बसा ना खाली! व्हिलन दिसून नाही राहिला!"

"मानेचा व्यायाम आहे," मी सांगितलं. "डॉक्टरनं सांगितलंय."

"मंग व्हिलनले मारल्यावर करा ना जी!"

बसलो. पण शरीराला सवय लागली होती. पुढच्या अर्ध्या तासाला पुन्हा उठलो, पुन्हा ओरड झाली. तिसऱ्या वेळी मात्र मी गुडघ्यावर हात टेकतोय तोच मागच्या दोन रांगा माझ्याआधी उभ्या राहिल्या. कुणी पाय झाडले, कुणी घोंगडी सारखी केली, एका आजोबांनी दोन्ही हात वर करून अशी जांभई दिली, की त्यात पाठीचे सगळे मणके सामील होते.

"उठले रे मास्तर," ते पोराला म्हणाले. "जाय, सगळ्यांचा चहा सांग."