दोन की तीन?

दोन मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर यांत फरक किती, असं गेल्या दिवाळीत कुणी विचारलं असतं तर ‘एक’ म्हणून मी मोकळा झालो असतो. आता विचारून बघा. आधी बसवीन, चहा सांगीन, आणि तुम्ही उठायला लागलात की लाइटबिलाच्या पाठीवर केलेला हिशेब पुढ्यात ठेवीन. टाइल तीन बाय सहा इंचांची, म्हणजे ७५ बाय १५० मिलिमीटर. सांधा तीनचा ठेवला तर भिंतीचा पावणेसहा टक्के भाग टाइलचा नसून ग्राउटचा, म्हणजे सांध्यात भरायच्या मसाल्याचा होतो. दोनचा ठेवला तर चार टक्क्यांच्या आत राहतो. आमच्या ओट्यामागची भिंत दहा फूट बाय चार फूट. म्हणजे तीनच्या सांध्यात सव्वादोन चौरस फूट नुसती फट! तेवढ्यात पाट मांडून एक माणूस जेवायला बसतो.

हा हिशेब बायकोला दाखवला. ती म्हणाली, “फट म्हटली की झुरळ आलं. एवढं मला कळतं.”

माझा इलाज नाही. एजी, म्हणजे अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात हयात गेलेला माणूस मी. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या फटी शोधण्याचा सरकारने मला पगार दिला, आता पेन्शन देतं. आणि ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या जुन्या घरात राहून आपली अभिरुची उच्च असल्याचा समज जपायचा, तर एखादी भिंत लागतेच. गल्लीत ज्याने ज्याने स्वयंपाकघर नवं केलं, त्याच्या ओट्यामागे द्राक्षांचा घड, वाफाळता कप किंवा कापलेलं कलिंगड आलेलं आहे. दुकानदार त्याला ‘हायलाइटर’ म्हणतात. मला घड नको होता. मला पाहुण्याने थबकून “हे काय?” असं विचारायला हवं होतं, म्हणजे मी चष्मा पुसत, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणणार, “न्यूयॉर्क. १९०४.”

ते खरंही आहे. २७ ऑक्टोबर १९०४ला न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुकारांच्या जोडगोळीने स्टेशनांच्या भिंतींना पांढऱ्या, चकचकीत, तीन बाय सहाच्या टाइल लावल्या. भुयारात उजेड खेळावा आणि भिंत पुसता यावी, एवढाच हेतू. पॅरिसवाल्यांनी चार वर्षं आधी, १९००मध्ये, कडा तिरप्या कापलेल्या पांढऱ्या टाइल लावून ठेवल्या होत्या. आता हा माल मोरबीहून ट्रकने येतो. नया बाजारच्या दुकानदाराने पेटी उघडून दाखवली आणि म्हणाला, “बाबूजी, सबवे है, पर हायलाइटर साथ में ले लो, अकेले सूनी लगेगी.”

खरी पंचाईत पुढे आहे. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या भिंतींमध्ये सांधा फार बारीक होता. टाइल जवळजवळ टाइलला टेकलेली. म्हणजे परंपरेचा मान ठेवायचा तर दीड. पण दीड ठेवायला टाइलच्या कडा यंत्रावर घासून सारख्या केलेल्या लागतात. दुकानात त्याला ‘रेक्टिफाइड’ म्हणतात. आमच्या पेटीतल्या टाइल मी डायनिंग टेबलावर मांडून स्टीलच्या पट्टीने मोजल्या. एक १४९, दोन १५०, एक जरा दीडशेच्या पुढे. मिलिमीटरभराची ही भांडणं पोटात घ्यायला सांधा रुंद लागतो, नाहीतर दहाव्या टाइलपाशी रांग नागमोडी होते. शिवाय भिंत चुन्यातली, दगडी, दीड हात जाड आणि मध्येच पोट सुटलेली. मिस्त्रीने ओळंबा सोडला, दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही.

बोलला तो स्पेसर पाहून. प्लॅस्टिकच्या अधिकचिन्हांची ती पिशवी मी त्याच्या हातात ठेवली.

“ये किसलिए?”

“जोड के लिए. दो टाइल के बीच में दो मिलीमीटर.”

“जोड़ दिखेगा?”

“दिखना चाहिए.”

त्याने पिशवी ओट्यावर ठेवली. “बाबूजी, तीस साल से काम कर रहा हूँ. जोड़ दिख जाए तो कारीगर काहे का?”

यावर मी न्यूयॉर्क काढणार होतो, पण तो सबलगढचा निघाला आणि विषय रेल्वेवर गेला. आता विषय रेल्वेवर गेल्यावर कोणता ग्वाल्हेरकर भिंतीकडे परत येतो?

सबलगढची गाडी म्हणजे आमची छोटी गाडी. रुळांतलं अंतर दोन फूट. ६१० मिलिमीटर! महाराजा माधवराव शिंद्यांनी हौसेने घातलेली ही लाइन वाढत वाढत श्योपुरपर्यंत गेली, जवळजवळ दोनशे किलोमीटर. सकाळी ग्वाल्हेरहून सुटलेली गाडी संध्याकाळी श्योपुरला टेकायची. सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर. आत जेवढी माणसं तेवढीच टपावर. लहानपणी मी या गाडीत खिडकी पकडून बसायचो आणि बाजूने जाणारा सायकलवाला आधी पुढे जायचा, मग मागे पडायचा, मग पुन्हा पुढे. माझ्या मते वेगाची खरी जाणीव माणसाला फक्त या गाडीत येते, कारण इतर गाड्यांत वेग असल्यामुळे तो लक्षात येत नाही. २०२०मध्ये ती थांबली, ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेज येतंय, १६७६ मिलिमीटरचं. ६१०वरून एकदम १६७६. मधलं काही आम्हाला मानवत नाही.

आणि याच राजांच्या घरातली ती दुसरी गाडी! जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते हे पाहुण्याला सांगितल्याशिवाय ग्वाल्हेरात कुणी चहा देत नाही. रूळ टेबलावर, डब्यांवर काचेच्या सुरया, त्यात ब्रँडी, शेजारी सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघते. मी ती काचेआडून कितीतरी वेळा पाहिली आहे आणि दर वेळी मनात एकच प्रश्न येतो : जो पाहुणा ब्रँडी घेत नसे, त्याच्यासमोरून गाडी नुसतीच निघून जाताना त्याने चेहरा कसा ठेवला असेल? दरबारी रीतिरिवाजांवर एवढं लिहिलं गेलं, यावर कुणी लिहिलं नाही. माझा अंदाज असा की तो खिडकीबाहेर बघत असणार. आमच्या एका काकांना लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला वगळून पुढे गेला की ते असेच मांडवाचे खांब मोजू लागत. पण काका परत बोलावू शकत होते. चांदीच्या इंजिनाला “अहो, इकडे!” कसं म्हणणार?

तर मुद्दा असा की टेबलावर रेल्वे, शहरातून जाणारी रेल्वे, सगळं आमच्याकडे होऊन गेलं, भुयारी तेवढी राहिली. त्यात २०२५मध्ये मेट्रो सुरू झाली ती इंदुरात. होळकरांच्या गावी! आम्ही शिंदेशाहीतले लोक हे बोलून दाखवत नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात स्टेशनची भिंत होण्यामागे थोडासा तोही अभिमान होता, हे मिस्त्रीला मी सांगितलं. त्याने एकूण भाषण शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तो प्लास्टर कब तोड़ना है?”

फुटायच्या आधी प्लास्टरचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडला होता. घराण्यातले नव्वद टक्के लोक आता पुण्यात आणि उरलेले अमेरिकेत, पण दाना ओलीच्या भिंतीवर सगळ्यांचा समान हक्क. कोथरूडच्या चुलतभावाने लिहिलं, ‘सांधा नकोच, जॉइंटलेस कर.’ त्याच्या बायकोने लिहिलं, ‘एपॉक्सी घ्या.’ औंधच्या आत्तेबहिणीने पाच मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला, त्यात ‘वारसा’ हा शब्द वारंवार आला. न्यू जर्सीच्या भाचीने आपल्या बाथरूमचा फोटो टाकला आणि खाली ‘१/१६ इंच’ एवढंच. गेल्या गणपतीला यांपैकी एकही आला नव्हता. वाडा जपा म्हणणं सोपं असतं. पावसाळ्यात गळती कुठून येते ते बघायला शिडी लागते, आणि शिडी इथे आहे.

मग प्लास्टर फोडलं. ही भिंत आमची आणि शेजारच्यांची सामायिक. पलीकडेही स्वयंपाकघरच होतं. पूर्वी या भिंतीत खिळा ठोकायची सोय नव्हती, दुसऱ्या घावाला पलीकडून काकूंचा आवाज यायचा, “अरे, घर पाडतोस की काय? माझ्या फडताळातल्या बरण्या हलतायत!” मग आई लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोके द्यायची, म्हणजे ‘ऐकलं’. त्याच ठोक्यांनी विरजण मागितलं जायचं, आणि काकूंच्या घरी पाहुणे आले की पोळ्या कमी पडताहेत हेही कळायचं. काकू गेल्या, मुलांनी घर विकलं. आता पलीकडे प्लॅस्टिकच्या बादल्यांचं गोदाम आहे. मिस्त्रीने छिन्नी-हातोड्याने दिवसभर भिंत हाणली. चुना पडला, दगडाच्या कपच्या पडल्या, आमच्या घरभर पांढरी धूळ झाली. पलीकडून कुणी ओरडलं नाही. दुपारी त्याने हात थांबवला तेव्हा मी म्हटलं, “जरा जोर से मारो.” तो म्हणाला, “इससे जोर से क्या मारूँ? दीवार आ जाएगी.”

मला काय ऐकायचं होतं, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

टाइल लागायला सुरुवात झाली. विटांच्या बांधणीसारखी अर्ध्यावर अर्धी टाइल यायची, तिथे चार पायांचे स्पेसर बसत नाहीत. त्यांचा एक पाय मोडावा लागतो. मोडताना निम्मे स्पेसर दुभंगले. मी नवी पिशवी आणायला निघालो, तेवढ्यात मिस्त्रीने विडी पेटवली, काडेपेटीतून आणखी एक काडी काढली, गुल मोडून टाकला आणि काडी दोन टाइलच्या मध्ये खोचली. मग दुसरी. मग तिसरी. मी कोपऱ्यावरच्या सोनाराकडून व्हर्नियर आणून काडी मोजली. दोनाच्या किंचित वर! न्यूयॉर्क, पॅरिस, मोरबी आणि फॅमिली ग्रुप यांच्यात जे मिटलं नाही, ते काडेपेटीच्या कारखान्याने आधीच मिटवून ठेवलेलं होतं. मिस्त्रीला मी हे उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, “हम तो शुरू से यही लगाते हैं.” म्हणजे न दिसणारा सांधा तो काड्या लावूनच न दिसणारा करत होता. फरक काय तो ग्राउटच्या रंगात.

आणि रंगावर मात्र मी हटलो नाही. त्याला टाइलशी मिळता पांढरा भरायचा होता, म्हणजे भिंत एकसंध दिसेल आणि त्याचं नाव राहील. मला करडा हवा होता, म्हणजे प्रत्येक टाइल वेगळी दिसेल आणि माझं नाव राहील. निकाल बायकोने दिला. ती म्हणाली, “फोडणी उडते. सिमेंटचा पांढरा ग्राउट हळद पितो, पुढच्या दिवाळीपर्यंत पिवळा होईल. करडाच भरा.” न्यूयॉर्कचा उल्लेख तिने केला नाही.

भिंत झाली. आलेल्या पहिल्या पाहुण्याने थबकून पाहिलं. मी चष्मा पुसायला काढला. तो म्हणाला, “छान. डेअरीत असतात तशा, नाही का?” दुसऱ्याने विचारलं, डिझाइन कधी लावणार? डिझाइनचंच म्हणाल तर, आमच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमरांनी पाचशे वर्षांपूर्वी मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या टाइल आणि पिवळ्या बदकांची रांग लावली. १५२८मध्ये बाबराने तो महाल पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. तोमरांना कुणी ‘डेअरी’ म्हटल्याची नोंद नाही; त्यांच्याकडे बदकं होती, हे बायको अधूनमधून सुचवते.

तुमच्याकडे अशी भिंत करायची असेल तर माझ्यापुरता निवाडा देतो. टाइल पेटीतून काढून आधी मोजा. कडा सारख्या असतील तर दीड चालेल, नसतील तर दोन. तीनला जाऊ नका, भिंत जाळीदार दिसते. ग्राउट करडा. स्पेसर घेऊ नका, काडेपेटी घ्या. आणि भिंत सामायिक असेल, पलीकडे अजून माणसं राहत असतील, तर ठोकायला सुरुवात करण्याआधी त्यांना सांगून या.