लॉनवाले काका

सिडकोतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जायकवाडीत किती पाणी आहे हे मात्र काका दशांश चिन्हासकट सांगतात. 102 टीएमसीचा नाथसागर भरतो नाशिक-नगरच्या पावसावर. त्यामुळे गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, की काका पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतात. मराठवाड्याचा कळवळा वगैरे काही नाही. दारापुढे बारा बाय पंधरा फुटांचं मेक्सिकन लॉन आहे.

पाटबंधारे खात्यात हजारो हेक्टरच्या पाणीपाळ्या ठरवलेला माणूस निवृत्तीनंतर 180 चौरस फुटांवर आला, पण खातं सुटलं नाही. आजही पाणी ‘टेल टू हेड’च, म्हणजे झारी आधी फाटकापाशी, मग पायरीकडे. काकूंचं डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी हा ‘आरक्षित साठा’. त्या ते कढीपत्त्याला घालतात, तेव्हा घरात समन्यायी वाटपावरून जो वाद पेटतो, तो नगर आणि मराठवाड्यातही पेटला नसेल.

उन्हाळ्यात लॉन कापायच्या मशीनला हात लावायचा नाही, गवताचं पातं उंच राहिलं की मुळांना सावली मिळते, हे मात्र त्यांचं खरं आहे. मेमध्ये वर हिरवी जाळी लागते. काका स्वतः पत्र्याखाली घामाघूम.

खरा हंगाम मृगाचा. पहिला दणदणीत पाऊस झाला, की संध्याकाळी जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघतात आणि कडुनिंबावर बसतात. त्यांच्या अळ्या गवताची मुळं खातात. म्हणून काका रात्री डोक्याला टॉवेल, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात रॉकेल टाकलेल्या पाण्याची बादली अशा थाटात शेजाऱ्यांच्या लिंबाखाली उभे. फांदी हलवली, की भुंगेरे टपाटप खाली. वेचायचे आणि बादलीत टाकायचे.

“काका, एवढ्या रात्री काय करायलात?” गस्तीवरच्या पोलिसानं विचारलं.

“भुंगेरे धरायलोय. तुम्ही तेवढी फांदी हलवा.”

त्यानं हलवली. खाकी वर्दीला हुकूम सोडण्याची काकांची सवय जुनी असावी.

पावसाळाभर मग काका उकिडवे बसून हराळी उपटतात. लव्हाळाही उपटतात, पण राग हराळीवर. ती मेक्सिकनमध्ये घुसली की पसरतच जाते. मुळासकट, खुरप्याच्या टोकानं, एकेक कांडी. उपटलेली हराळी पोत्यात भरून घंटागाडीत.

आणि गणेशचतुर्थीच्या सकाळी हेच काका स्कूटर काढून औरंगपुऱ्यात जातात आणि एकवीस दुर्वांच्या जुडीसाठी बाईशी घासाघीस करतात.

“अहो, कालच पोतंभर टाकलंत ना?” काकू म्हणाल्या.

“ती हराळी होती,” काका म्हणाले, आणि जुडी ताम्हनात ठेवली.