१०,००० मिलिमीटरचं विंडचिटर

"हे काय रे, हे तर विंडचिटर!" व्हिडिओ कॉलवर आईने निकाल दिला आणि माझी तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली.

मी फ्रीमाँटला राहतो. एप्रिलमध्ये लेक टाहोला जायचं म्हणून मी हलकं स्नोबोर्ड जॅकेट घेतलं होतं. आई चिपळूणची. तिच्या लेखी बर्फ म्हणजे थंडी, थंडी म्हणजे स्वेटर, आणि स्वेटरबद्दल तिचं धोरण एकच: "अंगात असू दे. पाहिजे तर काढता येईल." या धोरणावर तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. चिपळूणला सांगण्यासारखी थंडी नसते, ही बाब तिने कधी आड येऊ दिली नाही.

आदल्या एप्रिलमध्ये मी तिचंच ऐकलं होतं. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर गादीसारखं जॅकेट. सकाळी नऊला मी सगळ्यात शहाणा दिसत होतो. पण एप्रिलमधल्या टाहोच्या बर्फाचं साबुदाण्यासारखं असतं. रात्री तो गोठतो, म्हणून सकाळी नुसती काच. बोर्ड करकरतो, दात वाजतात. साडेदहाच्या सुमारास ऊन मुरलं की वरचा थर सुटा होतो. इकडे त्याला कॉर्न म्हणतात. का, कोण जाणे. मला तर तो हुबेहूब रात्रभर भिजलेला साबुदाणा वाटतो: दाणा न् दाणा मोकळा, बोटाने दाबला तर चेपणारा. त्यावरून बोर्ड असा अलगद जातो की आपल्याला हे येतं असा गैरसमज होतो. दुपार उलटली की पाणी जास्त झालेल्या खिचडीचा गोळा होतो. मग बोर्ड तिथेच थांबतो आणि आपण पुढे जातो. जाणकार मंडळी उन्हाच्या मागोमाग फिरतात. आधी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेचे.

मी अकरा वाजेपर्यंत शिजलो होतो. शेजारून हवाइयन शर्ट घातलेली पोरं जात होती. जॅकेट काढता येतं, यात आईचं काही चुकलं नव्हतं. फक्त काढून ठेवायचं कुठे, हे तिने सांगितलं नव्हतं. कमरेला बांधलं. तिसऱ्या वळणावर त्याची बाही बोर्डखाली गेली आणि बाहीपाठोपाठ मीही. त्याहून वाईट पुढेच होतं. घामाने निथळणारा बनियन घेऊन मी चेअरलिफ्टवर बसलो, वर वारा लागला आणि भर उन्हात कुडकुडलो. बर्फावर थंडी बाहेरून शिरते, असं मी समजत होतो. एप्रिलमध्ये ती घामातून येते.

म्हणून यंदा दुकानात गेलो. जॅकेटच्या चिठ्ठीवर '१०,००० मिलिमीटर' असं छापलेलं. कोकणातल्या माणसाला मिलिमीटर म्हणजे पाऊसच. आंबोलीला वर्षभरात ७,०००च्या आसपास पडतो. म्हणजे हे जॅकेट आंबोलीला पुरून उरणार! काउंटरवरच्या मुलाने माझा आनंद ओसरू दिला आणि मग समजावलं. कापडावर एक नळी उभी धरायची, तिच्यात पाणी भरत जायचं, आणि कापडातून थेंब पाझरू लागेपर्यंत किती उंच भरलं ते मोजायचं. दहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढं. पावसाशी थेट संबंध नाही. शेजारचा दुसरा आकडा उलट्या वाटेचा: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते. १०,००० म्हणजे दहा लिटर घाम. एवढा घाम एका दिवसात गाळायचा तर मी स्नोबोर्ड सोडून विहीर खणीन.

"तुमची प्रकृती उष्ण की थंड?" त्याने विचारलं. विचारलं इंग्रजीत, पण अर्थ हाच. हा प्रश्न मला यापूर्वी फक्त वैद्यांनी केला होता. "उष्ण," बायकोने परस्पर उत्तर दिलं. तिला विचार करावा लागला नाही.

उष्ण प्रकृतीला त्याने 'शेल' काढून दिलं. आत भरण नाही. हिवाळ्याच्या जॅकेटांत चाळीस, साठ, ऐंशी ग्रॅमचं भरण असतं; यात शून्य. नुसतं टरफल. टरफल म्हटलं की मराठी माणसाला लोकमान्य आठवतात, आणि शेंगा न खाता टरफलांचे पैसे भरायला जीव होईना. बरं, पैसेही थोडेथोडके नव्हते. भरणवाल्यापेक्षा टरफल महाग! या धंद्यात कापड जितकं कमी, तितकी किंमत जास्त.

पण दोन गोष्टींनी मी पाघळलो. एक, मागची लांबी. स्कीवाल्याचे दोन पाय दोन पट्ट्यांवर, तो उभ्यानेच निघतो. आमचे दोन्ही पाय एकाच फळीला आवळलेले, आणि ते आवळायला माझ्यासारखा नवशिका बर्फात बसकण मारतो. १९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की जोडून जो स्नर्फर केला, त्याला पाय बांधायचेच नव्हते. पुढे बाइंडिंग आलं आणि आमचं बूड ओलं झालं. त्यामुळे जॅकेट मागून खाली उतरलेलं हवं, हा मुद्दा मला अनुभवाने पटला होता.

दुसरी गोष्ट काखेतली चेन. कोपरापासून बरगडीपर्यंत जाळी लावलेली फट; उकडलं की उघडायची, लिफ्टवर बसलं की ओढून घ्यायची. घरी आल्यावर सहज जुनं, गादीसारखं जॅकेट चाचपलं. त्यालाही काखेत चेन होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तर विंडचिटर घालून टाहोला गेलो. आत एक पातळ लोकरी बनियन, बस्स. नऊ वाजता थंडी वाजली, हे मान्य करतो. साडेदहानंतर मात्र अंगावर काही आहे याची आठवणच राहिली नाही, आणि जॅकेटची याहून मोठी तारीफ मला सुचत नाही. पडलो की वितळतं पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं बाहीवरून घरंगळे. काखा उघड्या, वारा आरपार. जळलं फक्त नाक, तेही खालून. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला क्रीम लावायचं असतं, हे कोणत्याच चिठ्ठीवर छापलेलं नव्हतं.

जुलैमध्ये चिपळूणला गेलो, ते जॅकेट घेऊनच. आईला दाखवायचं होतं. धो धो पावसात ऐटीत बाजारात जाऊन आलो. बाहेरून थेंब आत शिरला नाही, आणि तरी मी आत चिंब. वाफ बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. कोकणात जुलैमध्ये ती कुठून आणायची?

"भिजलास ना?" आई म्हणाली.

"पाऊस नाही, घाम आहे."

"ओलं ते ओलंच," म्हणत तिने जॅकेट दांडीवर टाकलं आणि कोपऱ्यातली छत्री हातात दिली.

अस्तर चौथ्या दिवशी वाळलं.