दातांना रसिकता मानवत नाही

दातांच्या दरबारात न्याय नाही, हे माझं ठाम मत आहे. पुरावा आमच्याच घरात आहे.

चैत्रात कैरी आली की आमच्याकडे दोन पंथ पडतात. धाकटे मामा तिखटमीठ लावलेली फोड तोंडात टाकतात, कचाकचा चावतात, गिळतात आणि कामाला लागतात. नाना मात्र फोड जिभेवर ठेवून डोळे मिटतात. तिला या गालातून त्या गालात फिरवतात. रस संपत आला की पुन्हा मिठात बुडवून मैफल पुढे चालू. आता शिक्षा कुणाला व्हावी? झाली नानांना. मामा आजही बर्फ कडाकडा फोडतात आणि नाना थंड पाण्याचा पेला दुरून दिसला तरी गाल धरतात.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं. दातावरचं एनॅमल हाडाहूनही कठीण, शरीरातली सगळ्यात टणक वस्तू. पण आंबटापुढे त्याचं काही चालत नाही. तोंडातला पीएच साधारण साडेपाचाच्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम सुटू लागतं, आणि लिंबाचा रस तर दोनाच्या आसपास! लाळ बिचारी आम्ल मारून झीज भरू पाहते, पण तिला उसंत लागते. म्हणजे किती खाल्लं याहून किती वेळ चघळलं याला महत्त्व. नाना तिला उसंतच देत नाहीत. आणि हाड मोडलं तर जुळतं, एनॅमल मात्र एकदा झिजलं की परत येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. घर बांधून गवंडी कधीच गावाला गेलेले.

दुसरा अन्याय याहून भयंकर. आमच्या काकू पहाटे उठून कोमट पाण्यात लिंबू-मध घेतात. घोट घोट, चवीने, कारण कुणीतरी तसंच घ्यायला सांगितलंय. रात्रभर लाळ आधीच कमी सुटलेली. त्यावर लगेच, आंबट तोंड बरं नव्हे म्हणून, कडक ब्रशने खसाखसा दात घासतात. आम्लाने मऊ पडलेला थर त्या रोज स्वतःच्या हाताने खरवडून काढतात! याउलट, लिंबूपाणी पिऊन पेपर वाचत बसणारा आणि ब्रशची आठवण तासाभराने होणारा आळशी माणूस नकळत शास्त्रशुद्ध वागतो. मी त्या माणसाचं नाव सांगत नाही.

बाईंनी उपाय सांगितले ते साधेच. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रशला तासभर हात लावू नका, सरबत नळीने प्या. काकूंनी चूळ मान्य केली. नाना नळीवर भडकले. "पन्ह्याला नळी? उद्या वरणभाताला सलाईन लावाल!"

शेवटी बाईंनी तडजोड सुचवली. मधल्या वेळी चघळत बसण्यापेक्षा जेवणाबरोबर खा, तेव्हा लाळ भरपूर सुटते. हे मात्र नानांना तत्काळ पटलं. तेव्हापासून घरात कैरी आलेली दिसली की, वेळ कुठलीही असो, ते स्वयंपाकघराकडे बघून हाक मारतात, "पानं घ्या!"