रविवारचे शिलेदार

चाळिशी ओलांडली की पुण्यातल्या माणसाला डोंगर, सायकल किंवा घोडा, यांपैकी एक खूळ हमखास लागतं. डोंगरवाला आणि सायकलवाला सोमवारी ऑफिसात लंगडत येतात. घोडेवाला येतो तो पाय फाकवून, आणि खुर्चीकडे न फिरकता खिडकीशी उभ्यानेच चहा पितो. कुणी काही विचारत नाही, तेव्हा आपणच म्हणतो, "काल जरा रपेट झाली."

तयारीत कसर नसते. गुडघ्यापर्यंत बूट, तंग विजार, हातमोजे, हेल्मेट, सगळं स्वतःचं. घोडा तेवढा तासाच्या भाड्याचा. शिवकाळात स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. त्या हिशेबात हे गृहस्थ बारगीरच ठरतात. पण व्हॉट्सअॅपवर त्यांनी स्वतःला केव्हाच शिलेदार केलेलं असतं.

उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले. ते नवशिक्याला म्हातारी, समजूतदार घोडी देतात. शिलेदारांना हा अपमान वाटतो. त्यांना हवा असतो चार वर्षांचा, रेसकोर्सवरून नुकताच आलेला थरोब्रेड.

"दोघंही नवीन. बरोबरच शिकू!"

"साहेब, दोघांतल्या एकाला तरी येत असावं लागतं," उस्ताद म्हणतात. घोड्याचे दुधाचे दात पडून तोंड पुरतं भरतं ते पाचव्या वर्षी, आणि पाठीचा कणा पक्का व्हायला त्याहूनही वेळ लागतो. पण शिलेदारांनी सगळे व्हिडिओ पाहिलेले असतात.

खरी गंमत रिंगणात होते. शर्यतीच्या घोड्याला लहानपणापासून एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते: वरच्याने लगाम आवळला की त्यावर जोर द्यायचा आणि पळायचं. शिवाय जॉकी आखूड रिकिबीत, पाठीला न टेकता, ओणवा असतो. पोटाशी लोंबणारे पाय घोड्याला ठाऊकच नसतात. शिलेदारांचे लोंबतात. नकळत टाच लागते, घोडा दचकून पुढे निघतो, शिलेदार घाबरून लगाम खेचतात आणि घोड्याला वाटतं, चला, अखेर ओळखीचं काहीतरी बोलला! दुडकी चाल सुरू होते. तिच्या ठेक्यावर उठायचं-बसायचं असतं. शिलेदार बसायला जातात तेव्हा नेमकी पाठ वर येत असते.

"लगाम ढिला सोडा, साहेब!"

ढिला? जीव मुठीत असताना? साहेब दोन्ही हातांनी आयाळ धरतात. त्यात लगाम आपोआप सैल पडतो आणि घोडा मुकाट्याने चालीवर येतो.

तेवढ्यात कुंपणाला अडकलेली पिशवी फडफडते. घोड्याचे डोळे दोन बाजूंना असल्यामुळे कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं थोडं सोडलं, तर त्याला चहूकडचं दिसतं. शिलेदारांना पिशवी दिसलेलीच नसते. घोडा टुणकन बाजूला सरतो; शिलेदार होते त्याच दिशेने पुढे जातात. वाळू मऊ असते. सईस हेल्मेट झटकून हातात देतो. सोमवारच्या वृत्तांतात एवढंच येतं, "घोडा जरा बिथरला, म्हणून उतरलो."

भाड्याच्या घोड्यावर मांड बसत नाही, असं निदान आता झालं आहे. यंदा दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचं ठरलंय. दात कसे मोजायचे, मानेवर देवमणाचा भोवरा कुठे शोधायचा, सगळं तोंडपाठ आहे. सोसायटीकडे पार्किंगसाठी अर्जही गेला आहे. सचिवांनी लेखी एकच खुलासा मागवलाय: सदर वाहन दुचाकी धरावं की चारचाकी?