एकेचाळीस की एकोणपन्नास?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण भर पावसात मोबाइलवर पूरस्थितीचं पत्रक येतं, तेव्हा पातळी ४१ आहे की ४९, तेच धड दिसत नाही. बारीक अक्षरात १ आणि ९ जवळपास सारखेच भासतात. ४१ असेल तर सामान माळ्यावर चढवायला वेळ आहे. ४९ असेल तर एव्हाना घर सोडलेलं असायला हवं होतं. ऑगस्ट २०१९मध्ये हे पाणी ५७ फुटांपलीकडे गेलं होतं, तेव्हा या आकड्याला इथे किती वजन आहे ते वेगळं सांगायला नको.

असं एक पत्रक मी फोनमध्ये जपून ठेवलंय. आधी संगणकावर तक्ता टाइप केला, मग त्याची प्रिंट काढली, प्रिंटवर सही-शिक्का झाला आणि त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो गावोगाव धाडला. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा अशी धरणं एकाखाली एक. पुढे साठा टीएमसीत, मग टक्केवारी, मग विसर्ग क्युसेकमध्ये. एवढे सगळे रकाने तळहाताएवढ्या पडद्यावर कोंबलेले. मोठं करायला जावं तर अक्षरं फुटतात. चार ग्रुप फिरून आलेला फोटो तर आणखीच धूसर. ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून मजकूर वाचून घेतो, त्याच्यासाठी तर ते नुसतं चित्र. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला बरेच तास लागतात. गोठ्यातली जनावरं हलवायची ती त्याच तासांत. ते तास आपण डोळे ताणण्यात घालवायचे?

अक्षर मोठं करून वाचायची सोय काही फार जुनी नाही. मिरजेत १८०५ साली तिथल्या पटवर्धन सरदारांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. कारागिराने कोरलं तेवढंच अक्षर. नजर अधू असलेल्याने ते मोठं करून घ्यावं, अशी सोय त्या तांब्यात नव्हती. पुढे वाईहून मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड निघाले, तेही दोन रकान्यांत, बारीक टायपात. तोच विश्वकोश आज संकेतस्थळावर आहे, आणि दोन बोटं फिरवली की अक्षर हवं तेवढं वाढतं. वाचकाच्या हाती इतक्या वर्षांनी आलेला हा हक्क आहे. मजकुराचा फोटो टाकणारा तो सरळ काढून घेतो.

काही महाभाग संकेतस्थळावर मजकूर टाइप करून टाकतात आणि अक्षर मोठं करण्याची सोयच बंद करून ठेवतात. का, तर पानाची मांडणी बिघडते म्हणे! मग बिघडू द्या.

मराठी पानांचं खरं दुखणं असं की त्यांचे आकार रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून ठरतात. ब्राउझरचा नेहमीचा आकार १६ पिक्सेल. इंग्रजीला तो पुरतो. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार लागतात आणि खाली उकार. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं म्हणजे मधलं अक्षर आक्रसतं. मजकूर १८ पिक्सेलच्या खाली नकोच, ज्येष्ठ वाचक असतील तर २० करा. ओळींतलं अंतरही अक्षराच्या किमान दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला ‘द्धू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘र्की’च्या डोक्यावर बसतो. ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ वाचला जातो तो अशाच दाटीत.

अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांच्यात फट पाडण्याची एक खोड आहे. रोमनमध्ये ती खपून जाते. मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द शब्द राहत नाही. पांढऱ्यावर फिकट करड्या, काटकुळ्या अक्षरांचंही तसंच. जागतिक निकषांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ एवढा उजळपणातला फरक हवा. भर उन्हात शेताच्या बांधावर फोन उघडणाऱ्याला तोही कमीच पडतो.

मराठीत चांगले फॉन्ट नाहीत, ही सबब आता चालायची नाही. विंडोजमधला ‘मंगल’ अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मुक्ता’ कुणालाही फुकट मिळतो आणि लांब मजकुराला उत्तम चालतो. त्यांचाच ‘बालू’ देखणा आहे, पण तो मथळ्यापुरता ठेवा. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलंत, तर काही फॉन्ट पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपणहून देतात. एका ओळीचं काम आहे, तेवढं तरी करा.

आणि पूरपत्रक काढणाऱ्यांनी आधी तो तक्ता मोडावा. पहिल्या ओळीत आयर्विनची पातळी आणि ती मोजल्याची वेळ, तीही ठळक. मग प्रत्येक धरणाला एक ओळ: नाव, विसर्ग, वाढतोय की घटतोय. टाइप केलेला साधा मजकूर पाठवा, सही-शिक्क्याचा फोटो हवा तर मागून जोडा. पाठवण्याआधी कार्यालयातल्या साठीजवळच्या शिपाईमामांच्या हाती फोन द्या, चष्मा न लावता पहिला आकडा वाचायला सांगा आणि ते अडखळले तर अक्षर वाढवा.